लाल ठिपके आणि न झालेली नावनोंदणी : गळती रोखणाऱ्या एका प्रणालीचे परीक्षण

आमच्या महाविद्यालयाने दोन वर्षांपूर्वी वर्गणी भरून एक संगणकीय सेवा घेतली. प्रवेश घेतलेला विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडून जाऊ नये आणि त्याची पदवी ठरलेल्या मुदतीत पूर्ण व्हावी, एवढेच तिचे काम. पुरवठादार कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण करारात तशी अट आहे. शिवाय या जातीच्या बहुतेक प्रणालींचा सांगाडा सारखाच असल्यामुळे नावावाचून वाचकाचे फारसे अडणार नाही. मी पहिल्या वर्षाला गणित शिकवतो आणि त्याखेरीज साठेक विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणून काम पाहतो. चार सत्रे ही सेवा जवळजवळ रोज उघडल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. आरंभीच सांगून टाकतो की ज्या भागासाठी आम्ही ती घेतली तो भाग सुमार निघाला, आणि विक्रीच्या सादरीकरणात ज्या भागाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते त्यानेच प्रत्यक्षात विद्यार्थी राखले.

सेवेत मिळते ते असे. हजेरी, अंतर्गत परीक्षांचे गुण आणि ऑनलाइन वर्गातला वावर यांवरून प्रणाली प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका लावते. हा तिचा मिरवण्याचा दागिना. शिक्षकांना एखाद्याविषयी काळजी वाटली तर इशारा नोंदवण्यासाठी एक अर्ज आहे. मार्गदर्शकांना संदेश पाठवता येतात आणि भेटीच्या वेळा ठरवता येतात. पदवीला कोणते विषय आणि किती श्रेयांक (क्रेडिट) उरले आहेत हे दाखवणारा आराखडा आहे. आणि सगळ्यात शेवटी, ‘अहवाल’ या सदराखाली तिसऱ्या पानावर, पुढच्या सत्रासाठी अजून नाव न नोंदवलेल्या विद्यार्थ्यांची एक साधी यादी आहे.

ठिपक्यांपासून सुरुवात करतो. विद्यार्थी शिक्षण का सोडतो याचा विचार फार काळ त्याची बुद्धी आणि त्याची चिकाटी या दोनच शब्दांत केला जाई. 1975 साली व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने तो विचार संस्थेच्या दिशेने वळवला. समाजापासून तुटलेपणाविषयी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी जे मांडले होते त्याचा आधार घेऊन टिंटो यांनी असे म्हटले की अभ्यासात आणि सोबत्यांत अशा दोन्ही ठिकाणी विद्यार्थी कितपत मिसळतो, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. पुढे त्यांच्या मांडणीवर टीकाही झाली, विशेषतः यासाठी की घर आणि आपली माणसे मागे टाकल्याशिवाय विद्यार्थी संस्थेत रुळतच नाही, असे तिच्यात गृहीत धरल्यासारखे दिसत होते. तरीही आजच्या सगळ्या प्रणाली त्याच विचाराच्या दूरच्या नातेवाईक आहेत. अडचण एवढीच की मिसळणे मोजता येत नाही आणि लॉगिन मोजता येते, म्हणून प्रणाली लॉगिन मोजते आणि मिसळणे मोजल्याचा आव आणते.

पहिल्याच सत्रात याचा प्रत्यय आला. सोमवारी सकाळी यादी उघडली तर एका मुलीच्या नावापुढे ठळक लाल ठिपका होता आणि खाली कारण दिले होते : अकरा दिवसांत ऑनलाइन वर्ग उघडलेला नाही. मी तिला बोलावले. ती आली तेव्हा तिच्या हातात दोऱ्याने शिवलेला कागदांचा गठ्ठा होता. घरी इंटरनेटची जोडणी धड चालत नसल्यामुळे तिने महिन्याचे सगळे पाठ एकाच दिवशी उतरवून घेऊन छापले होते, आणि समासात पेन्सिलीने इतक्या शंका लिहिल्या होत्या की त्या सोडवता सोडवता माझी पुढची तासिका बुडता बुडता राहिली. संपूर्ण वर्गात माझा विषय तिच्याइतका मन लावून कोणी वाचला नसेल. दुसरीकडे त्याच सत्रात जे तिघे निघून गेले त्यांतले दोघे शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवे होते.

ठिपके अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पहिल्या चार आठवड्यांत जो विद्यार्थी एकही गृहपाठ देत नाही आणि दोन विषयांत गैरहजर असतो, त्याच्याबाबत लाल ठिपका सहसा खरा ठरतो. पण तेवढे तर हजेरीपटही सांगतो. प्रणाली आणखी जे सांगू पाहते, म्हणजे अमुक विद्यार्थी सोडून जाण्याची शक्यता इतके टक्के, ते आकडे मी दुसऱ्या सत्रापासून पाहायचे सोडून दिले. त्या टक्क्यांमागचे गणित कंपनी उघड करत नाही, आणि गणित शिकवणाऱ्या माणसाला झाकलेले गणित पटत नाही.

विक्रीसाठी आलेल्या प्रतिनिधीने एक आलेख दाखवला होता : ज्यांच्या नावावर मार्गदर्शकांच्या जास्त नोंदी आहेत ते विद्यार्थी जास्त टिकले. त्या सभेत मी गप्प राहिलो याची अजून रुखरुख वाटते, कारण हा सापळा जुनाच आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2007 च्या सुमारास वाहतुकीच्या दिव्यांसारखे रंग दाखवणारी प्रणाली सुरू केली आणि ती वापरणारे विषय घेतलेले विद्यार्थी अधिक टिकतात असे आकडे जाहीर केले. 2013 मध्ये काही जाणकारांनी त्या आकड्यांवर साधा प्रश्न उभा केला. जो विद्यार्थी अधिक सत्रे टिकतो त्याच्या वाट्याला ती प्रणाली वापरणारे विषय आपोआपच अधिक येणार. मग प्रणालीमुळे तो टिकला म्हणायचे, की टिकला म्हणून प्रणालीत अधिक दिसला? आमच्या प्रतिनिधीच्या आलेखातही नेमके हेच होते. जो पहिल्याच महिन्यात गेला त्याच्या नावावर नोंदी साठायला वेळच मिळाला नव्हता. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांनी असा आलेख समोर आला की पहिल्या दिवसापासूनची तुलना मागावी, आणि ती मिळेपर्यंत सही करू नये.

शिक्षकांच्या इशाऱ्याच्या अर्जाबद्दल थोडक्यात. त्यात आठ रकाने होते आणि वर्षभर तो मोजून तेच पाच-सहा शिक्षक भरत होते. आम्ही कंपनीच्या मागे लागून तो दोन प्रश्नांवर आणला : विद्यार्थी कोण, आणि तुम्हाला काय खटकले. त्यानंतर अर्ज भरणारे वाढले. ‘हल्ली मागच्या बाकावर बसतो, आणि जुने मित्र शेजारी नसतात,’ असे एका सहकारी बाईंनी एकदा लिहिले होते. अशी ओळ कोणत्याही ठिपक्यातून निघाली नसती.

संदेशांचा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण इथे प्रणालीने नुकसानही केले. तिच्यात तयार मजकूर भरून येतो आणि लाल ठिपका लागताच तो आपोआप जातो. पहिल्या सत्रातला मजकूर असा होता : ‘आपली शैक्षणिक प्रगती धोक्याच्या पातळीवर असल्याचे आढळून आले आहे. कृपया त्वरित संपर्क साधावा.’ एका मुलाने तो वाचला आणि यायचाच बंद झाला. तीन आठवड्यांनी त्याच्या मित्राकरवी निरोप धाडून त्याला गाठले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, मला वाटलं नाव कमी केलं.’ ‘संपर्क साधावा’ हे शब्द त्याच्या लेखी बोलावणे नव्हते, ती नोटीस होती. नंतर मी आपोआप जाणारे संदेश माझ्यापुरते बंद केले आणि स्वतः लिहू लागलो : ‘दोन तासिकांना दिसला नाहीस. सगळं ठीक ना? बुधवारी दुपारी मी खोलीतच आहे, ये.’ यावर सगळेच येतात असे नाही, पण न येणाऱ्यांतलेही बरेच जण निदान उत्तर देतात.

घाऊक संदेशांनी फारसे काही होत नाही हे बाहेरही दिसून आले आहे. अमेरिकेत शिक्षणासाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरावा म्हणून 8 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना आठवणीचे संदेश पाठवून त्याची रीतसर चाचणी घेतली गेली, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयीन प्रवेशात काहीच फरक पडला नाही. याउलट अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2016 च्या उन्हाळ्यात, प्रवेश पक्का करूनही सत्र सुरू होईपर्यंत गळून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, मोबाइलवर उत्तरे देणारा चॅटबॉट आणला, तेव्हा ती गळती ठळकपणे कमी झाली. दोन्हीकडे संदेशच होते. माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा की जॉर्जियातला संदेश विद्यापीठाच्या स्वतःच्या नोंदी पाहून जात होता : तुमचा अमुक कागद आलेला नाही, तो असा असा पाठवा. आणि रात्री अकरा वाजता उलट प्रश्न विचारला तरी उत्तर मिळत होते. ‘आपली प्रगती धोक्यात आहे’ या वाक्यावर वाचणाऱ्याने करायचे काय, हे मात्र आमच्या प्रणालीने कधीच सांगितले नाही.

आता त्या तिसऱ्या पानावरच्या यादीकडे येतो. ती मला सापडली तीही अपघाताने. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस हजेरीचा अहवाल शोधताना चुकीच्या ओळीवर बोट पडले आणि एक तक्ता उघडला : नाव, वर्ग, चालू सत्राचे गुण, पुढच्या सत्राची नोंदणी झाली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ‘अडथळा’. पुढच्या सत्राची नोंदणी संपायला नऊ दिवस राहिले होते आणि माझ्याकडच्या विद्यार्थ्यांपैकी चौदा जणांची नावे त्या तक्त्यात होती. चौदापैकी फक्त तिघे लाल होते. बाकीचे पिवळे, नाही तर हिरवे. म्हणजे शिकत होते, उत्तीर्ण होत होते, आणि तरीही पुढच्या सत्रात ते असतील असे कोणत्याही कागदावर दिसत नव्हते.

मी एकेकाला फोन लावायला बसलो. पहिला मुलगा हिरवा, हजेरी भरपूर, माझ्या विषयात वर्गात पाचवा. अडथळ्याच्या रकान्यात ‘ग्रंथालय’ एवढा एकच शब्द. त्याच्या नावावरचे एक पुस्तक परत आले नव्हते, त्यामुळे त्याच्या खात्याला कुलूप लागले होते, आणि कुलूप असले की नोंदणीचे पान उघडताच ‘आपण पात्र नाही’ असे इंग्रजी वाक्य येई. पुस्तक त्याने मित्राला दिले होते, मित्र महाविद्यालय सोडून गेला होता. दंड किती होईल हे विचारायची त्याला लाज वाटत होती आणि घरी सांगायची भीती. ‘पात्र नाही’ याचा अर्थ त्याने शब्दशः घेतला होता. मी ग्रंथपालांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, पुस्तक हरवल्याचा अर्ज द्यायला सांगा, हप्त्याने भरू दे.’ त्यांनी कुलूप तिथल्या तिथे काढले. दोन फोन, वीस मिनिटे. तो मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे.

सगळे इतके सोपे नव्हते. चौदापैकी पाच जणांची अडचण थकबाकीची होती. त्यांपैकी दोघांची रक्कम एवढी किरकोळ होती की ती वसूल करण्यासाठी त्यांचे पुढचे सगळे शुल्क आपण गमावत आहोत हे लेखा विभागाला दाखवून देताच त्यांनी मुदत वाढवली. तिघांची रक्कम मोठी होती आणि तिथे माझ्या हातात काही नव्हते. जॉर्जिया स्टेटने 2011 पासून हेच ओळखून छोट्या अनुदानांची सोय केली : पदवीच्या वाटेवर बऱ्यापैकी पुढे आलेला, पण थोड्या रकमेपायी नोंदणी रद्द होणार असलेला विद्यार्थी विद्यापीठच शोधून काढते आणि तेवढी तूट भरून देते. अर्ज करण्याची वाट पाहत नाही, हा त्यातला कळीचा भाग. अर्ज करायला हवा हे ज्यांना ठाऊक असते ते बहुधा निघून जातच नाहीत. आमच्याकडे अशी सोय नाही आणि ती नसणे हा प्रणालीचा दोष नव्हे. पण अडथळ्याचा रकाना दाखवणारी यंत्रणा आणि अडथळा दूर करण्याचा अधिकार असलेला माणूस यांच्यात जेवढे टेबलांचे अंतर, तेवढे विद्यार्थी वाटेत गळतात, हे मी त्या नऊ दिवसांत शिकलो.

उरलेल्यांत दोघे विसरले होते, एकाला विषय निवडता येत नव्हता, एक दुसऱ्या संस्थेत रीतसर जाणार होती आणि तिला जाऊ देणेच योग्य होते. दोघांनी फोन उचलला नाही. दोघांना कामाच्या पाळ्या बदलून लागल्या होत्या आणि सकाळचे वर्ग जमणार नव्हते. एकाला मी दुपारच्या तुकडीत हलवू शकलो. दुसऱ्याला म्हटले, ‘एक सत्र थांब, पण रीतसर थांब,’ आणि रजेचा अर्ज करायला लावला, कारण न सांगता गेलेल्या विद्यार्थ्याला परत येताना नव्याने प्रवेश घ्यावा लागतो, तर रजेवर गेलेला जिथे थांबला तिथून सुरू करतो. इथे प्रणालीची एक ढोबळ चूक कळली. तिच्यात ‘रजा’ हा पर्यायच नाही. नोंदणी नसली की विद्यार्थी ‘गमावला’ या रकान्यात जातो, त्याला पुढे संदेश जात नाहीत आणि तो परत यायच्या सत्रात त्याची आठवणही कोणाला होत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याची तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली होती म्हणून त्याला वेळेवर फोन गेला. वर्गणी भरून घेतलेल्या सेवेला डायरीची जोड द्यावी लागणे हे काही बरे लक्षण नव्हे. दोन सत्रे तक्रार केल्यावरही हा पर्याय आलेला नाही.

दुसरा मोठा दोष नोंदींचा. मार्गदर्शकाने संदेश पाठवला की प्रकरणापुढे ‘संपर्क साधला’ अशी खूण होते आणि सात दिवसांनी ते आपोआप ‘पूर्ण’ होते. विद्यार्थ्याने उत्तर दिले का, तो भेटला का, त्याची अडचण सुटली का, यांतले काहीही विचारले जात नाही. परिणामी वर्षअखेरीच्या अहवालात आमची जवळजवळ सगळी प्रकरणे पूर्ण झालेली दिसली आणि सभेत त्याबद्दल टाळ्याही पडल्या. ज्याला मी शोधत फिरलो तो ‘नाव कमी केलं’ म्हणणारा मुलगाही त्या अहवालात पूर्ण झालेला होता.

प्रणालीने कोणती कामे हलकी केली आणि कोणती करूच शकली नाही, हे समजायला न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचा अनुभव उपयोगी पडतो. तिथे 2007 पासून दोन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम चालतो : पूर्णवेळ शिकण्याची अट, उरलेल्या शुल्काची भरपाई, पाठ्यपुस्तके, प्रवासाचा पास, आणि मार्गदर्शकाची वारंवार भेट. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमाबाहेर 22 टक्के आणि कार्यक्रमात 40 टक्के निघाले. खर्च प्रत्येक विद्यार्थ्यामागे बराच वाढला, पण पदवीधरही इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. त्या चाचणीच्या काळात एका मार्गदर्शकाकडे 60 ते 80 विद्यार्थी होते, आणि कार्यक्रमाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी हाच आकडा 600 ते 1500 होता. आमच्याकडे सेवा घेतली त्या वर्षी माझे विद्यार्थी साठच्या आसपास होते. पुढच्या वर्षी, आता प्रणाली आहेच म्हणून, नव्वद करण्याचा प्रस्ताव आला. तो कसाबसा परतवला. पण अशी सेवा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत असा प्रस्ताव कोणीतरी मांडणारच, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

माणसाच्या फोनला काही अर्थ असतो का, यावरही पुरावा आहे. एरिक बेटिंजर आणि रेचल बेकर या अमेरिकी अभ्यासकांनी आठ संस्थांतल्या 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींना सोडतीने नेमून दिलेले मार्गदर्शक नियमित फोन करत, आणि वेळ कसा लावायचा, कामे आधी कोणती करायची, अडचण कोणाकडे न्यायची यावर बोलत. त्यांचे टिकण्याचे प्रमाण शंभरामागे सुमारे 5 ने जास्त राहिले आणि फोन बंद झाल्यावरही तो फरक वर्षभराने दिसत होता. 5 हा आकडा विक्रीच्या आलेखांपुढे केविलवाणा वाटेल. पण तो सोडतीतून आलेला आहे, आणि माझ्या साठ जणांच्या गटात त्याचा अर्थ तीन माणसे असा होतो.

पदवीचा आराखडा हा प्रणालीतला मला मनापासून आवडलेला भाग आहे. संस्था पहिल्या वर्षाच्या गळतीची चर्चा करतात, कारण ती मोजणे सोपे. पण शेवटच्या सत्रात एका विषयासाठी अडकलेला विद्यार्थी कोणाच्याच हिशेबात नसतो. आमच्या विभागात एक सक्तीचा विषय दोन सत्रांतून एकदाच शिकवला जातो. तो चुकला की पदवी सहा महिने पुढे जाते, आणि त्या सहा महिन्यांत नोकरी लागलेला विद्यार्थी बहुधा परतत नाही. आराखडा हे दोन सत्रे आधी पिवळ्या पट्टीने दाखवतो. गेल्या वर्षी अशा सात जणांना वेळीच तो विषय घ्यायला लावला. मात्र ज्यांनी शाखा बदलली आहे त्यांच्या बाबतीत आराखड्यावर विसंबू नका. ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचे नियम लावायचे की बदललेल्या शाखेचे, याचा त्याला गोंधळ होतो आणि तो बिनदिक्कत चुकीचे श्रेयांक दाखवतो. अशा विद्यार्थ्यांचा हिशेब मी अजून कागदावर करतो आणि परीक्षा विभागाकडून तपासून घेतो.

प्रणाली सगळे बोट विद्यार्थ्याकडे दाखवते, हीही एक खंत. एखाद्या विषयात दरवर्षी निम्मा वर्ग नापास होत असेल तर लाल ठिपका विषयाला लागायला हवा. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी संकुलात 1973 पासून हाच विचार राबवला गेला : कच्चे विद्यार्थी निवडायचे नाहीत, अवघड विषय निवडायचे, आणि तो विषय आधी चांगल्या प्रकारे उत्तीर्ण झालेल्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने सर्वांसाठी खुली अशी जादा बैठक घ्यायची. त्यामुळे बैठकीला जाणाऱ्यावर ‘ढ’ असा शिक्का बसत नाही. आमच्या प्रणालीत विषयवार नापासांचा तक्ता काढता येतो का, असे मी विचारले. येतो, पण त्याची वर्गणी वेगळी. माझा स्वतःचा विषय त्या तक्त्यात वरच्या बाजूला येईल याची मला कल्पना आहे.

माहिती कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न करार करतानाच विचारावा. 2016 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नवागतांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीच्या आधारे कच्चे विद्यार्थी हेरून, गळतीच्या मोजणीची तारीख येण्यापूर्वीच त्यांना जायला लावायचे, म्हणजे टिकण्याचा आकडा चांगला दिसेल, अशी योजना उघडकीस आली आणि अध्यक्षांना पद सोडावे लागले. विद्यार्थी ओळखण्याचे साधन त्याला घालवण्यासाठीही तितकेच चोख चालते. 2021 मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने काही मोठ्या विद्यापीठांतल्या अशाच प्रणालींची कागदपत्रे मिळवली, तेव्हा विद्यार्थ्याचा वंश हाही धोक्याच्या अंदाजात धरला जात असल्याचे दिसले. आमच्या प्रणालीत काय काय धरले जाते याचे लेखी उत्तर तीन पत्रांनंतर मिळाले. त्यात आक्षेपार्ह असे काही आढळले नाही, पण तीन पत्रे लिहावी लागली.

आमची गळती कमी झाली का, असे विचारणाऱ्यांना मी आकडा देत नाही. झाली असे दिसते. पण त्याच वर्षी ग्रंथालयाने दंडासाठी खाते कुलूपबंद करणे थांबवले, लेखा विभागाने हप्त्यांची सोय केली आणि आम्ही नोंदणीपूर्वीच्या पंधरवड्यात फोन करायला लागलो. यांतले श्रेय कोणाचे किती, हे वेगळे काढण्याची काही सोय आम्ही आधी केलेली नव्हती.

पाचापैकी गुण द्यायचे झाले तर आराखड्याला चार, शिक्षकांच्या सुधारलेल्या अर्जाला तीन, संदेशांना दोन, ठिपक्यांना एक, आणि नावनोंदणीच्या यादीला पूर्ण पाच. ज्या संस्थेत ग्रंथालय, लेखा आणि परीक्षा विभागांच्या नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत तिने ही सेवा घ्यायला हरकत नाही, कारण त्या नोंदी एका तक्त्यात आणण्याचे किचकट काम ती खरोखर चांगले करते. ज्यांच्या नोंदी आधीच एकत्र आहेत त्यांनी वर्षभर थांबावे आणि आपल्या कार्यालयाकडून दर आठवड्याला ती एकच यादी मागून पाहावी : चालू सत्रात आहेत, पुढच्या सत्रात नाहीत, आणि का नाहीत. आमच्या कार्यालयातल्या एका लिपिकाने मागच्या महिन्यात ती यादी आमच्याच नोंदींतून एका दुपारी काढून दाखवली. कराराचे नूतनीकरण पुढच्या सत्रात आहे. आराखडा ठेवावा आणि ठिपक्यांची वर्गणी बंद करावी, अशी टिपणी मी दिली आहे. त्यातून वाचणाऱ्या पैशांत किरकोळ थकबाकीसाठी एक छोटा निधी उभारावा, असेही तिच्यात लिहिले आहे.